आधी आपण

“धावणं म्हणजे माणसानं स्वतःच्या दिशेनं केलेला प्रवास,” मी इंगवल्यांच्या दिवाणखान्यात जाहीर केलं, आणि त्यानंतर त्यांच्या सोफ्यातून उठायला मला दोन माणसं लागली.

त्यातला एक माझा होणारा जावई विश्वजित. दुसरे त्याचे वडील, आनंदराव इंगवले. साखर कारखान्याचे शेती अधिकारी म्हणून नुकतेच निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे आणि त्याहून भरघोस अदबीचे गृहस्थ. ते कराडजवळच्या गावचे, आम्ही साताऱ्याचे गुळवणी. आमची गार्गी आणि विश्वजित पुण्यात एकाच ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे काढता काढता स्वतःच्या घरापर्यंत येऊन पोचले होते. जात वेगळी, रीत वेगळी, जेवणातलं तिखट वेगळं. दोन्ही घरांनी हे सगळं इतक्या मोठ्या मनानं स्वीकारलं होतं की त्या मोठ्या मनाचाच सगळ्यांना ताण आला होता. आपल्या तोंडून कमी-जास्त शब्द जायला नको, म्हणून जो तो शब्दच टाळत होता. बोलणीची बैठक होती आणि बोलत कुणी नव्हतं.

“लग्न कसं करू या म्हणता, सर?” आनंदरावांनी विचारलं होतं. मी कॉलेजात उपप्राचार्य, म्हणून ‘सर’.

“आपण म्हणाल तसं.”

“छे छे. मुलगी आपली. आपण म्हणायचं.”

“पण आपल्याकडची पद्धत...”

“पद्धतीचं काय घेऊन बसलाय? आपण म्हणाल ती पद्धत.”

असा दोन वेळचा चहा झाला. शेवटी माझी बायको शैला केवळ शांतता मोडावी म्हणून म्हणाली, “कराडला ते हायवेवर नवीन कार्यालय झालंय ना? केवढं मोठं आहे!” त्यावरून मुलीकडच्यांना मोठं कार्यालय हवंय असा निष्कर्ष निघाला आणि आनंदरावांनी बसल्या बसल्या फोन करून ते ठरवून टाकलं. आमच्याकडची माणसं शे-दीडशे. त्यांच्याकडची दोन हजार. आम्ही माना डोलावल्या. नाही म्हणणार कोण?

मग पुन्हा शांतता. आणि त्या शांततेत आनंदराव म्हणाले, “सर, आपण पळत असाल रोज?”

हा प्रश्न त्यांना कुठून सुचला ते मला कळेना. माझं पोट पाहून तो कुणालाही सुचणं अवघड होतं. सरळ ‘नाही’ म्हणता आलं असतं, पण त्या बैठकीत ‘नाही’ हा शब्द अजून कुणीच काढला नव्हता, आणि पहिला काढण्याचा मान मला नको होता.

“थोडंफार,” मी म्हणालो.

“वाटलंच!” त्यांचे डोळे चमकले. “काय वाटतं पळताना?”

तेव्हा मी ते वाक्य बोललो. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर माणसाला न केलेल्या गोष्टींबद्दलही बोलता येतं.

“मग झकास,” आनंदराव म्हणाले. “आमच्या मित्राचा ट्रस्ट आहे. डोंगराकडच्या वाड्यांना रुग्णवाहिका घ्यायचीय, त्यासाठी जानेवारीत मॅरेथॉन ठेवलीय. आपलं आणि माझं नाव एकदमच घालतो.”

म्हणजे हे गृहस्थ पळणारे आहेत तर, असं मी मनात म्हटलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. शर्यती दोन होत्या, दहा किलोमीटरची आणि एकवीसची. “एकवीसात घातलं,” ते म्हणाले. “व्याह्यांना दहात घालायचं म्हणजे पाहुण्याला अर्धा लाडू वाढल्यासारखं होतं.”

मी आभार मानले.

वस्तुस्थिती अशी होती की माझी डावी टाच सहा महिने दुखत होती. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळ्यावर टेकवल्यासारखं व्हायचं. डॉक्टर सबनिसांनी चपला बंद करून गुबगुबीत तळाचे, पोपटी पट्ट्यांचे बूट घ्यायला लावले होते. बोलणीलाही मी तेच घालून गेलो होतो. “झब्ब्याखाली हे?” शैला म्हणाली होती. “दारात तर काढायचेत,” मी म्हणालो होतो, “कोण बघतंय?”

सबनिसांना मी शर्यतीचं सांगितलं.

“कशासाठी धावायचंय?”

“रुग्णवाहिकेसाठी.”

“मग ती आधी येऊ द्या,” ते म्हणाले.

पण नाव गेलं होतं. सराव दर रविवारी, उंब्रजच्या पुढे कालव्याच्या कडेनं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. ते कराडहून येत, मी साताऱ्याहून. मधल्या सहा दिवसांत मी स्वतःच्या हिमतीवर धावावं अशी अपेक्षा होती. त्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. सकाळी सात वाजता मी ग्रंथालयात धूळ झटकून घेत असे, दुपारी कागदावरच्या समित्यांच्या बैठका कागदावर घेत असे, आणि संध्याकाळी प्राचार्य विचारत, “गुळवणी, आपल्याकडे हिरवळ कमी वाटते का हो?” त्या सगळ्यातून मी आठवड्यातून दोनदा, अंधार पडल्यावर, आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर टाच उचलून पळत असे. टाच वाचवायला गेलो तर उजवा गुडघा धरला. गुडघ्याला पट्टा बांधला तर कंबर धरली. शैला मला रात्री तेल लावून देई आणि प्रत्येक सांध्याला त्याच्या-त्याच्या जागी लग्नाची तारीख ऐकवी.

पहिल्या रविवारी उंब्रजला आनंदरावांच्या मोटारीत बसलो तेव्हा निलगिरीच्या तेलाचा भपका आला. माझ्या पँटीखाली दोन्ही गुडघे चोपडलेले होते, त्यामुळे मी ओशाळून माझ्या बाजूची काच खाली केली. त्याच वेळी आनंदरावांनीही त्यांच्या बाजूची केली.

“हवा छान आहे,” मी म्हणालो.

“फार छान,” ते म्हणाले.

आणि आम्ही पळायला लागलो. पळायला लागलो म्हणण्यापेक्षा, पळण्याच्या बाबतीत एकमेकांना आग्रह करायला लागलो. कालव्याच्या कडेला एकाच माणसापुरती वाट होती.

“आपण पुढं व्हा, सर.”

“छे, आपण व्हा. आपला रस्ता.”

“रस्ता इरिगेशनचा. आपण व्हा.”

व्याह्यांना मागे टाकून पुढे जाणं मला शक्य नव्हतं, मला मागे टाकणं त्यांना शक्य नव्हतं. ते हळू झाले की मी त्याहून हळू होई. मी हळू झालो की ते बुटाची नाडी बांधायला वाकत. वाकायला त्यांना वेळ लागे आणि उठायला त्याहून जास्त. एवढी शिस्त अंगी बाणवायला किती वर्षं लागली असतील, असं मला वाटे.

सगळ्यात मोठी अडचण ट्रॅक्टरची होती. उसाचे दिवस. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाला आनंदरावांना ओळखणारा.

“राम राम सायेब! गाडी बंद पडली व्हय?”

“नाय रं, पळतोय.”

“कुनाच्या मागं?”

मग माझी ओळख. हे आमचे व्याही. ट्रॅक्टरवाला स्टेअरिंगवरून हात काढून मला नमस्कार करी.

“पोराचं लगीन हाय म्हनं!”

“हाय की. यायचं बरं का, घरच्या सगळ्यांना घेऊन.”

“म्हंजी काय! अख्खी वस्ती घिऊन येतो.”

असा प्रत्येक रविवारी लग्नाचा आकडा वाढत गेला. कुणी वाडीसकट येणार होतं, कुणी भजनी मंडळासकट. आनंदरावांचा चेहरा दर ट्रॅक्टरमागे उजळत चालला होता, आणि मी मात्र घशात अडकलेलं एक वाक्य घेऊन त्यांच्या शेजारून पळत होतो.

ते वाक्य गार्गीचं होतं.

“बाबा, मी दोन हजार माणसांसमोर स्टेजवर उभी राहणार नाही,” तिनं दिवाळीतच सांगितलं होतं. “चार तास हसत. प्रत्येकाबरोबर फोटो. मला आणि विश्वजितला नोंदणी करायचीय. दोन्ही घरची वीस माणसं, बास.”

“विश्वजितनं त्याच्या आबांना सांगावं मग.”

“तो म्हणतो, आबा बाबांचा शब्द मोडणार नाहीत, म्हणून बाबांनी सांगावं.”

“सांगतो,” मी म्हणालो होतो. “येत्या रविवारी.”

त्यानंतर बरेच रविवार येऊन गेले होते. आनंदरावांशी मी उसाच्या जाती, गूळ, वाईचं वांगं, मुलींचं शिक्षण आणि पाटबंधारे खातं या सगळ्यांवर बोललो. लग्नाचा विषय निघाला की ते म्हणत, “आपण म्हणाल तसं, सर,” आणि तेवढ्यात ट्रॅक्टर येई.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गार्गी पुण्याहून आली. मी स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या बादलीत पाय घालून बसलो होतो. त्याच आठवड्यात समितीसाठी भाड्यानं आणलेल्या कुंड्या जिन्यावरून चढवताना माझी पोटरी भरून आली होती. समिती येऊन, कुंड्यांचं कौतुक करून गेली. पोटरी राहिली.

गार्गीनं स्टूल ओढून घेतलं.

“पत्रिका सोमवारी छापायला जाणार,” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्ही बोलला नाहीत.”

“तशी वेळच...”

“बाबा, माझं आणि विश्वजितचं आठवडाभर बोलणं नाहीये. मी म्हणते तू बोल, तो म्हणतो तुझे बाबा बोलतील. काल तो म्हणाला, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, सोस. मी म्हटलं, आज एक दिवस सोसायला सांगतोयस, उद्या काय काय सांगशील?” तिनं टॉवेल माझ्याकडे टाकला. “पत्रिका छापल्या तर मी लग्न पुढे ढकलणार आहे. मी स्वतः येऊन त्यांना सांगेन. आणि मला तुमच्यासारखं गोड बोलता येत नाही, तुम्हाला माहितीये.”

माहीत होतं. ती शैलावर गेली आहे.

“हे लग्न मोडलं ना,” ती उठता उठता म्हणाली, “तर ते फक्त तुमच्या दोघांच्या सौजन्यानं मोडेल.”

शर्यतीच्या दिवशी प्रमुख पाहुणे उशिरा आल्यामुळे सगळे धावपटू गरम होऊन पुन्हा गार झाले होते. आमच्या अंगात ट्रस्टचे पिवळे बनियन, पाठीवर सराफाची जाहिरात. झेंडा खाली आला आणि तरणी पोरं पाखरांसारखी उडाली. मागे राहिलो आम्ही दोघं, आणि आमच्या मागे ट्रस्टची जुनी रुग्णवाहिका. जिच्या जागी नवी घ्यायची होती तीच. शेवटच्या माणसाच्या मागून ती चालणार होती, आणि शेवटचा माणूस कोण हे ठरायला तिच्या ड्रायव्हरला फार वेळ लागला नाही.

शर्यत आमच्याच कालव्याच्या रस्त्यानं होती. वळणाचा खांब आम्ही ओलांडला तेव्हा दहावाले घरी जाऊन आंघोळी करून बसले असतील. रुग्णवाहिका आमच्या मागे, मोकाट गुरामागे गुराखी यावा तशी, रेंगाळत येत होती.

“काका, बसताय का?” ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

“आधी आपण,” मी आनंदरावांना म्हणालो.

“छे छे, आधी आपण.”

ड्रायव्हरनं डोकं आत घेतलं.

थोडं पुढे गेलो आणि माझ्या पोटरीत कुणीतरी पिळा घालून गाठ मारली. मी कालव्याच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. माझ्यामुळे त्यांची शर्यत बुडाली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. “आपण व्हा पुढे, आनंदराव,” असं मी म्हणणार होतो, पण तोंड उघडायच्या आत ते माझ्या शेजारी बसलेले होते. माझ्याआधी बसले असते, पण अदब आडवी आली असावी.

मग त्यांनी पँट वर केली. दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते. निलगिरीच्या तेलाचा तोच तो भपका आला.

“पाव्हणं,” ते म्हणाले. सर नाही, पाव्हणं. “खरं सांगू का? मला पळता येत नाही. जन्मात कधी पळलो नाही. कारखान्याची जीप होती.”

“मग ही मॅरेथॉन?”

“तुमच्यासाठी. बोलणीच्या दिवशी दारात तुमचे बूट बघितले. पोपटी पट्ट्यांचे. म्हटलं, ह्या वयात असले बूट म्हणजे माणूस पट्टीचा पळणारा. आमच्याकडं तिखट जास्त, देवधर्म वेगळा, बोलणं वेगळं. म्हटलं, व्याह्यांना आवडतं असं एक तरी आमच्याकडं असू द्या.”

मी बुटाकडे पाहिलं. मग त्यांना टाचेचं सांगितलं. सबनिसांचं सांगितलं. गुडघा, कंबर, कुंड्या, सगळं सांगितलं. आनंदराव आधी मिशीतल्या मिशीत हसले, मग त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि मग आम्ही दोघं त्या कठड्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा डोकं बाहेर काढलं आणि आत घेतलं.

आता बोललो नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

“आनंदराव, अजून एक आहे. बुटासारखंच.”

“बोला.”

“पोरांना हे लग्न नकोय. म्हणजे लग्न हवंय, कार्यालय नकोय. नोंदणी हवीय. वीस माणसं. गार्गीला स्टेजवर उभं राहायचं नाही, आणि पत्रिका छापल्या तर ती लग्न पुढे ढकलणार आहे. आम्हालाही कार्यालय नको होतं. ती नुसती चौकशी केली होती हो शैलानं.”

ते हसायचे थांबले. मला वाटलं, एवढ्या रविवारांचं सगळं मी एका मिनिटात बुडवलं.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “कार्यालयाची हौस मलाबी नाही. पण माणसं माझी आहेत. तीस वर्षं उसाच्या नोंदीला ह्या वाड्यांवरनं हिंडलो. एक दिवस डबा नेला नाही. जिथं दुपार होईल तिथं ताट. वर डोंगरात रावजीआप्पा म्हणून म्हातारा आहे. पहिल्यांदा त्याच्याकडं गेलो तेव्हा घरात ताटंच माणसांपुरती होती. त्यानं मला ताटात वाढलं आणि स्वतः हातावर भाकरी घेऊन जेवला. मला ते उठल्यावर कळलं. अशी किती घरं सांगू? माझ्या घरात हे एकच कार्य व्हायचंय. आप्पाला काय सांगू, वीसच माणसं होती, तुझा नंबर लागला नाही?”

इतके दिवस मी ते दोन हजार म्हणजे थाटमाट समजत होतो.

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला.

“राम राम सायेब! बसलासा व्हय? लगीन कवा हाय?”

“कळवतो, कळवतो.”

“आमची ताटं धरा म्हंजी झालं!” आणि गेला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

“आनंदराव, एवढे ट्रॅक्टरवाले आजवर भेटले. एकानं तरी नवरीचं नाव विचारलं?”

त्यांनी आठवून पाहिलं. “नाही.”

“नवरी दिसायला कशी, काय करते?”

“नाही बा.”

“मग त्यांना नवरी लागतच नाही. त्यांना ताट लागतं आणि ते वाढायला तुम्ही लागता. पोरं नोंदणी करू देत, वीस माणसांत. आपण नंतर तुमच्या गावात पंगत घालू. स्टेज नाही, हार नाही, फोटो नाहीत. शाळेच्या पटांगणात बस्करं टाकायची.”

आनंदरावांनी मिशीवरून हात फिरवला. “आणि नवरा-नवरी?”

“जेवायला येतील. इतरांसारखी.”

“वाढणार कोण एवढ्या माणसांना?”

“तुम्ही. आणि मी.”

“तुम्ही?” ते कठड्यावरून जवळजवळ उठले. “मुलीचा बाप वाढपी? व्याह्यांच्या हातात आमटीची बादली दिली तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल!”

“इतके दिवस मला पळवलंत तेव्हा गाव कुठे होतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढला. विश्वजितला एवढंच म्हणाले, “पत्रिका थांबव. का म्हणून विचारू नको. तू आधीच बोलला असतास तर माझं गुडघं वाचलं असतं.”

मग रुग्णवाहिकेत कोण आधी चढणार हा प्रश्न उरला. तो आम्ही मागची दोन्ही दारं उघडून, डाव्या-उजव्या बाजूनं एकाच वेळी चढून सोडवला. आत स्ट्रेचरवर बसून आम्ही ट्रस्टची संत्री खाल्ली. शेवटची कमान दिसायला लागली आणि गाडी दोन उचक्या देऊन बंद पडली. ड्रायव्हरनं मागे वळून आमच्याकडे पाहिलं, विशेषतः पिवळ्या बनियनांकडे.

“काका, जरा धक्का देता?”

अशा रीतीनं त्या शर्यतीत शेवटचे दोन धावपटू रुग्णवाहिका ढकलत आले. रेषा सगळ्यात आधी गाडीनं ओलांडली, त्यामुळे आम्हा दोघांतलं आधी कोण हा वादच राहिला नाही. लोकांना वाटलं, जुन्या गाडीची अवस्था दाखवायला ट्रस्टनं हा देखावा मुद्दाम बसवलाय. मांडवात देणगीच्या टेबलापाशी रांग लागली. नवी गाडी उन्हाळ्यात आली.

संध्याकाळी गार्गीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी पण वाढीन.”

“नाही,” मी म्हणालो. “तू जेवायचं. आज बोलायला सुरुवात केलीय तर हेही ठामपणे सांगतो.”

पत्रिका छापल्या गेल्या. त्यांवर नवरा-नवरीची नावं बारीक होती आणि जेवणाची वेळ ठळक.

नोंदणी साताऱ्यात झाली, वीस माणसांत, चहा-सामोशांवर. पंगत पुढच्या रविवारी इंगवल्यांच्या गावात. शाळेच्या पटांगणात लांबच लांब रांगा, पत्रावळ्यांवर गव्हाची खीर, आमटी, भात. पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बादली घेऊन जायचं, रिकामी झाली की परत यायचं, पुन्हा जायचं. कालव्याच्या रस्त्यावर सराव केला होता तो कशासाठी, हे मला तेव्हा समजलं. पोपटी बूट मी काढले होते, कारण पंगतीत पायात काही घालत नाहीत. टाच दुखत होती की नाही हे मला आज आठवत नाही. आनंदराव पलीकडच्या रांगेत भात घेऊन लंगडत होते. “खीर घ्या, खीर! सावकाश होऊ द्या!” मी ओरडत होतो, आणि माझा तास पस्तीस वर्षांत इतका कुणी लक्ष देऊन ऐकला नव्हता.

गार्गी आणि विश्वजित मधल्या रांगेत मांडी घालून बसले होते. शेजारच्या म्हातारीनं गार्गीला विचारलं, “तू कुनाची गं?”

“पाहुण्यांकडची,” गार्गी म्हणाली.

“बरं बरं. खा. लाजू नगंस.”

तिसऱ्या पंगतीला आनंदरावांनी मला हाताला धरून शेवटच्या रांगेकडे नेलं. तिथे एक वाळलेला, पांढऱ्या पटक्याचा म्हातारा बसला होता. समोर भरलेली पत्रावळ. तो जेवायला लागलेला नव्हता.

“आप्पा,” आनंदरावांचा आवाज भरून आला होता. “हे आमचे व्याही. नवरीचे वडील. कॉलेजात मोठे सर आहेत. आज स्वतःच्या हातानं वाढतायत.”

मलाही भरून आलं. हाच तो हातावर भाकरी घेऊन जेवलेला माणूस. त्याच्यासमोर दोन शब्द बोलावेत, माणसामाणसांतल्या ऋणाबद्दल, ताटाबद्दल, असं मला तीव्रतेनं वाटलं. वाक्य जुळत आलं होतं. मी बादली खाली ठेवली, हात जोडले आणि घसा साफ केला.

रावजीआप्पानं माझ्याकडे वर पाहिलं, मग खाली पत्रावळीकडे पाहिलं.

“मीठ राह्यलंय, पाव्हणं,” तो म्हणाला. “तेवढं आना.”